किराणा दुकानांच्या साखळीसाठी नॉलेज ग्राफ आणि ऑन्टॉलॉजी कशी उभारावी

"उपवासाला चालेल, शेंगदाणे नसतील आणि संध्याकाळपर्यंत घरपोच मिळेल, असा काही खाऊ आहे का तुमच्याकडे?" एकादशीच्या सकाळी महाराष्ट्रातल्या कोणत्याही किराणा दुकानात असा प्रश्न येतो आणि गल्ल्यावरचा जुना माणूस त्याचे उत्तर क्षणात देतो. त्याच दुकानाच्या बिलिंग सॉफ्टवेअरला ते देता येत नाही. त्याच्या आयटम मास्टरमध्ये, म्हणजे वस्तूंच्या यादीत, वस्तूचे नाव, बारकोड, भाव, कराचा दर आणि शिल्लक साठा एवढेच असते. वस्तू कशाची बनली आहे, कोणत्या प्रथेत बसते, ती संपली असेल तर तिच्या जागी काय देता येईल, हे सारे माणसांच्या डोक्यात असते. दुकान एकच असेपर्यंत त्यावाचून अडत नाही. दुकाने सहा-सात झाली, ऑनलाइन मागण्या येऊ लागल्या आणि नवी मुले कामाला लागली, की हे ज्ञान कुठेतरी नीट लिहून ठेवावे लागते, आणि ते यंत्राला वाचता येईल अशा रीतीने लिहावे लागते.

अशा लेखनाला नॉलेज ग्राफ म्हणतात. त्यात प्रत्येक गोष्ट एका लहान विधानाच्या रूपात असते: "हे पाकीट साबुदाण्याचे आहे", "साबुदाणा या प्रथेतल्या उपवासाला चालतो", "हे पाकीट या दुकानात उपलब्ध आहे". विधाने एकमेकांना जोडली जाऊन जाळे तयार होते आणि त्या जाळ्यातून चालत गेल्यास कुणीही आधी लिहून न ठेवलेले उत्तर सापडते. कोणत्या प्रकारच्या गोष्टी या जाळ्यात असतील, त्यांच्यात कोणते संबंध असू शकतील आणि प्रत्येक संबंधाचा नेमका अर्थ काय, याविषयी व्यवसायातल्या सर्वांनी केलेला लेखी करार म्हणजे ऑन्टॉलॉजी. गूगलने मे २०१२ मध्ये आपला नॉलेज ग्राफ जाहीर केल्यावर हा शब्द सर्वतोमुखी झाला. मात्र विधानांच्या स्वरूपात माहिती लिहिण्याचा आरडीएफ हा मानक वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १९९९ मध्येच प्रसिद्ध केला होता.

पुढील मार्गदर्शन महाराष्ट्रातल्या मध्यम आकाराच्या किराणा व्यवसायाला समोर ठेवून केले आहे: काही दुकाने, एक गोदाम, घरपोच सेवा आणि दहा-पंधरा हजार वस्तू. असे काम बहुधा तंत्रज्ञानामुळे फसत नाही. एका ओळीत दडलेल्या अनेक गोष्टी वेगळ्या न केल्यामुळे फसते, असे माझे ठाम मत आहे. म्हणून या लेखाचा सर्वांत मोठा भाग त्या वेगळे करण्यावरच खर्च केला आहे.

आधी प्रश्न गोळा करा

सॉफ्टवेअर निवडण्यापूर्वी आणि वर्गांची, म्हणजे गोष्टींच्या प्रकारांची, उतरंड आखण्यापूर्वी, ज्या प्रश्नांची उत्तरे आज मिळत नाहीत त्यांची यादी करावी. ती कार्यालयात बसून होत नाही. गल्ल्यावरची माणसे, खरेदी पाहणारे, हिशेबनीस, गोदामातले कामगार आणि घरपोच माल नेणारी मुले यांच्याकडून त्यांच्याच शब्दांत प्रश्न घ्यावेत. "गव्हाची ॲलर्जी असलेल्याला कोणते लोणचे द्यायचे?", "पातळ पोहे संपले तर जाड पाठवले तर चालतील का?", "या पुरवठादाराचा माल आला नाही तर कोणकोणत्या वस्तू अडतील?", "सत्यनारायणाच्या पूजेचे सगळे सामान एकत्र दाखवता येईल का?" असे प्रश्न हाती आले, की ऑन्टॉलॉजीत काय हवे हे जवळजवळ आपोआप दिसू लागते. लोणच्याच्या प्रश्नासाठी घटक हवेत, पोह्यांसाठी पर्यायी वस्तूचा संबंध हवा, पूजेसाठी प्रसंग हवा.

वीस-पंचवीस प्रश्न सुरुवातीला पुरतात. प्रत्येक प्रश्नासमोर बरोबर उत्तर काय असायला हवे हेही जाणत्या माणसाकडून लिहून घ्यावे, कारण पुढे हीच यादी परीक्षेची प्रश्नपत्रिका म्हणून वापरायची आहे. ज्या वर्गाची किंवा संबंधाची गरज यांपैकी एकाही प्रश्नाला पडत नाही, तो पहिल्या आवृत्तीत ठेवू नये, मग तो कितीही शोभिवंत दिसो.

एका ओळीतल्या चार गोष्टी

आयटम मास्टरमध्ये "साबुदाणा ५०० ग्रॅम" अशी एक ओळ असते आणि त्या ओळीत किमान चार वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात.

पहिली गोष्ट म्हणजे पदार्थ. साबुदाणा, तूरडाळ, गूळ, हिंग ही पदार्थांची नावे आहेत. त्यांना ना बारकोड असतो ना किंमत. उपवासाला काय चालते, कशाची ॲलर्जी होते, कशाऐवजी काय वापरता येते, ही माहिती पदार्थाच्या पातळीवरची आहे. ती एकदाच पदार्थाला जोडली, की त्या पदार्थाच्या प्रत्येक पाकिटाला आपोआप लागू होते.

दुसरी गोष्ट पाकीट: एका कंपनीने ठरावीक वजनात, ठरावीक वेष्टनात विकायला काढलेली वस्तू. जीएस-वन या संस्थेच्या पद्धतीतला जीटीआयएन, म्हणजे बारकोडखालचा क्रमांक, याच पातळीवरचा असतो. जाहीर केलेले निव्वळ वजन बदलले तर नवा क्रमांक घ्यावा, असा त्या संस्थेचा नियम आहे. त्यामुळे ५०० ग्रॅमचे आणि १ किलोचे पाकीट हे ग्राफमध्ये दोन वेगळे बिंदू, म्हणजे जाळ्यातल्या दोन वेगळ्या गाठी, असतात, आणि दोन्ही एकाच पदार्थाकडे बोट दाखवतात.

तिसरी गोष्ट लॉट, म्हणजे एकाच वेळी बनलेल्या मालाची खेप. भारतातल्या दुकानांत हिचे महत्त्व विशेष आहे, कारण एकाच बारकोडचा माल दोन वेगवेगळ्या एमआरपींसह एकाच वेळी फळीवर असू शकतो. कंपनीने किंमत वाढवली तरी बारकोड तोच राहतो, आणि म्हणून बिल करताना पडद्यावर दोन एमआरपी दिसून त्यांतली एक निवडावी लागते. एमआरपी, उत्पादनाची तारीख आणि वापराची मुदत ही लॉटची माहिती आहे. ती पाकिटाला चिकटवली, की नवा माल आल्याच्या दिवशी जुन्या मालाची माहिती पुसली जाते.

चौथी गोष्ट विक्रीप्रस्ताव: अमुक दुकान, अमुक लॉटचा माल, अमुक भावाने, अमुक तारखेपर्यंत विकायला तयार आहे. सवलती, स्कीम, घरपोच मिळण्याची वेळ हे सारे येथे येते. कोथरूडच्या दुकानात आणि हडपसरच्या दुकानात पाकीट एकच असले तरी प्रस्ताव दोन असतात.

वस्तू आणि तिची विक्री करण्याची तयारी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्याचा विचार नवा नाही. मार्टिन हेप यांनी २००८ मध्ये मांडलेल्या गुडरिलेशन्स या व्यापारविषयक ऑन्टॉलॉजीचा तो कणाच होता, आणि २०१२ मध्ये ती स्कीमा डॉट ऑर्ग या शब्दसंग्रहात सामावून घेतली गेली. गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी २०११ मध्ये सुरू केलेला हा शब्दसंग्रह आज असंख्य संकेतस्थळे वापरतात. त्यात उत्पादनासाठी, उत्पादनगटासाठी आणि विक्रीप्रस्तावासाठी वेगळे वर्ग तयार आहेत. आपले वर्ग त्यांच्याशी जुळते ठेवले तर तीच माहिती पुढे आपल्या संकेतस्थळावर शोधयंत्रांना समजेल अशा रूपात देता येते. मराठी नावे आपल्या माणसांसाठी ठेवावीत, पण त्यांच्यामागचा अर्थ शक्य तिथे या प्रस्थापित वर्गांवरून घ्यावा.

चार पातळ्या वेगळ्या केल्यावर सुरुवातीच्या प्रश्नातला एक धागा असा दिसतो:

विक्रीप्रस्ताव ८८ — देतो — लॉट ३१
लॉट ३१ — या पाकिटाचा — पाकीट ४१७
पाकीट ४१७ — घटक — राजगिरा
पाकीट ४१७ — घटक — गूळ
राजगिरा — चालतो — महाराष्ट्रातील एकादशीचा उपवास

सुटा माल आणि बारकोडच्या मर्यादा

भारतात जीएस-वनकडून दिलेले क्रमांक ८९० ने सुरू होतात. त्यावरून क्रमांक कोणत्या देशातल्या संस्थेने दिला एवढेच कळते, माल कुठे बनला हे कळत नाही; म्हणून "८९० म्हणजे भारतीय माल" असा नियम ग्राफमध्ये लिहू नये. २०० ते २९९ ने सुरू होणारे क्रमांक त्याहून फसवे असतात. ते संस्थेअंतर्गत वापरासाठी राखीव असतात आणि दुकानातले वजनकाटे सुट्या मालावर जी चिठ्ठी छापतात तिच्यावर बहुधा असाच क्रमांक असतो. एका दुकानातला असा क्रमांक तूरडाळीचा असेल, तर दुसऱ्या दुकानात तोच शेंगदाण्यांचा असू शकतो. दुकानांची माहिती एकत्र करताना या क्रमांकांना दुकानाची ओळख जोडल्याशिवाय ग्राफमध्ये घेऊ नये.

सुट्या मालाला जीटीआयएन नसतो, पण तो पदार्थ असतोच, लॉटही असतो आणि प्रस्तावही असतो. पाकिटाच्या जागी "सुटा, वजनावर" असा एक विक्रीप्रकार ठेवला की पातळ्यांची रचना कोलमडत नाही. खोक्यावरचा चौदा अंकी क्रमांक आतल्या पाकिटाच्या क्रमांकाहून वेगळा असतो हेही लक्षात ठेवावे, आणि "या खोक्यात या पाकिटाचे इतके नग आहेत" हा संबंध स्वतंत्र लिहावा. गोदामाचा साठा खोक्यांत आणि दुकानाचा नगांत मोजला जातो, तो गोंधळ एवढ्याने संपतो.

मापांचेही तसेच. खाद्यतेल कुठे लिटरमध्ये नोंदलेले असते, कुठे ग्रॅममध्ये, आणि एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, एक किलो नव्हे. संख्या आणि एकक हे दोन वेगळे गुणधर्म ठेवावेत. लेबलावर जे छापले आहे तेच मूळ विधान मानावे आणि तुलनेसाठी केलेले रूपांतर "गणनेने काढलेले" अशी खूण करून बाजूला ठेवावे.

घटक, ॲलर्जी आणि न सांगितलेल्या गोष्टी

गव्हाची ॲलर्जी आणि लोणचे हा प्रश्न मी मुद्दाम यादीत घेतला, कारण ग्राफचे सामर्थ्य आणि त्याचा धोका दोन्ही त्यात एकत्र दिसतात. लोणच्यात हिंग असतो. बाजारात मिळणारा बांधणीचा हिंग शुद्ध नसतो. त्यात डिंक आणि पीठ मिसळलेले असते, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचे असते. लोणच्यापासून हिंगापर्यंत आणि हिंगापासून गव्हापर्यंत दोन पावले चालून गेल्यावरच उत्तर मिळते, आणि तक्त्यातल्या एका रकान्यात हे कधीच दिसले नसते. "घटक" हा संबंध संक्रामक मानला, म्हणजे घटकाचा घटक हाही घटक, असे ऑन्टॉलॉजीत लिहिले, की यंत्रणा हा मार्ग स्वतः शोधते.

धोका याच्या उलट बाजूला आहे. एखाद्या लोणच्यापासून गव्हापर्यंत कोणताही मार्ग सापडला नाही, तर "यात गहू नाही" असे म्हणता येईल का? मुळीच नाही. कदाचित त्या पाकिटाचे घटक कुणी अजून नोंदवलेच नसतील. आउल ही ऑन्टॉलॉजी लिहिण्याची मानक भाषा याच तत्त्वावर चालते: जे सांगितलेले नाही ते खोटे ठरत नाही, ते केवळ अज्ञात राहते. म्हणून ॲलर्जीकारक घटकांसाठी तीन स्थिती स्पष्टपणे ठेवाव्यात: "आहे", "नसल्याचे लेबलावर जाहीर केले आहे" आणि "माहीत नाही". ग्राहकाला "चालेल" असे उत्तर फक्त दुसऱ्या स्थितीत द्यावे. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या लेबलविषयक नियमांनुसार ग्लुटेनयुक्त धान्ये, दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, शेंगदाणे व कठीण कवचाची फळे, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणावरील सल्फाइट यांची घोषणा पाकिटावर करावी लागते. ही घोषणा घटकांच्या यादीपासून वेगळी नोंदवावी, कारण ती उत्पादकाने केलेले विधान आहे आणि आपला निष्कर्ष तिच्याहून वरचढ कधीच असू शकत नाही. येथे चूक झाली तर कुणाच्या तरी जिवावर बेतू शकते. या भागात घाई करणाऱ्याला मी या कामावर ठेवणार नाही.

उपवास हा होय-नाहीचा रकाना नाही

अनेक दुकानांच्या संकेतस्थळांवर "उपवासाचे पदार्थ" असा विभाग असतो आणि त्यामागे प्रत्येक वस्तूला लावलेली एक खूण असते. ती खूण थोड्याच दिवसांत निकामी होते. साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा, बटाटा, रताळे यांविषयी महाराष्ट्रात बरेच एकमत आहे, पण कोथिंबीर चालते की नाही, जिरे चालतात की नाही, हे घराघरांत बदलते. उत्तर भारतीय कुटुंबे नवरात्रात सैंधव मिठाचा आग्रह धरतात, तर आपल्याकडे साधे मीठ बहुतेक घरांत वापरतात. म्हणून "चालतो" हा संबंध पदार्थ आणि प्रथा यांच्यात लिहावा, आणि प्रथा हा स्वतंत्र बिंदू ठेवावा. वस्तू उपवासाला चालते की नाही हे मग तिच्या सर्व घटकांवरून ठरते. एकही घटक त्या प्रथेत न बसणारा किंवा अज्ञात असेल, तर उत्तर "खात्री नाही" असे यावे. जैन ग्राहकांसाठी कंदमुळे वगळण्याचा नियमही याच रचनेत, वेगळी यंत्रणा न उभारता बसतो.

प्रसंगांचे असेच. ग्राहक फळीच्या नावाने विचार करत नाही. तो दिवाळीचा फराळ, मुलांचा डबा, बारसे, पूजा असा विचार करतो. चीनमधल्या अलीबाबा समूहाच्या संशोधकांनी २०२० मध्ये अलीकोको नावाचा जो ग्राफ मांडला, त्याचे वैशिष्ट्य हेच होते की ग्राहकाच्या गरजांना त्यात वस्तूंच्या बरोबरीने स्वतःचे बिंदू दिले होते. आपल्याकडे "चकलीची भाजणी" हा प्रसंगाच्या पोटातला बिंदू होऊ शकतो: तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, मूग डाळ, धने, जिरे यांच्याकडे तो जोडला जातो, आणि प्रत्येक घराचे प्रमाण वेगळे असल्यामुळे प्रमाण तेथे न लिहिलेलेच बरे.

नावे, बोली आणि लिपी

तूर आणि अरहर, भगर आणि वरई आणि वरीचे तांदूळ, शेंगदाणे आणि भुईमुगाचे दाणे ही एकाच पदार्थाची नावे आहेत. प्रत्येक पदार्थाला अर्थहीन क्रमांकाची ओळख द्यावी आणि नावे त्याला लेबल म्हणून जोडावीत. स्कॉस या शब्दसंग्रह लिहिण्याच्या २००९ च्या मानकात यासाठी तीन प्रकारची लेबले आहेत: प्रत्येक भाषेत एकच असे मुख्य नाव, हवी तितकी पर्यायी नावे, आणि शोधासाठी उपयोगी पण पडद्यावर न दाखवायची छुपी नावे. "साबूदाना" किंवा "शाबुदाना" अशी रूपे छुप्या नावांत ठेवावीत. रोमन लिपीत टंकलेली मराठी रूपेही तिथेच जावीत, कारण मोबाइलवर मागणी नोंदवणारे कितीतरी ग्राहक तसेच लिहितात.

देवनागरीत एक तांत्रिक खाच आहे. "ॲ" हे अक्षर युनिकोड या संगणकीय लिपिमानकातल्या एकाच संकेतांकाने लिहिता येते, किंवा "अ" पुढे चंद्राची खूण देऊनही लिहिता येते. दिसायला दोन्ही सारखी, पण संगणकासाठी भिन्न. आणि युनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरणही त्यांना एक करत नाही. "ऱ्य" मधल्या अदृश्य जोडखुणांचेही असेच होते. आयात करताना या रूपांचे एकीकरण करणारा स्वतःचा नियम लिहावा, नाहीतर "ॲपल" शोधणाऱ्याला निम्मा माल दिसणारच नाही.

कर, वर्गीकरण आणि तारखा

एचएसएन संकेत, म्हणजे कर ठरवण्यासाठी मालाला दिलेले क्रमांक, हे तयार, सरकारमान्य वर्गीकरण आहे म्हणून त्याचीच उतरंड ऑन्टॉलॉजीचा कणा करण्याचा मोह होतो. तो टाळावा. ते कर आणि सीमाशुल्कासाठी रचलेले आहे. त्यात गूळ आणि साखर १७०१ या एकाच शीर्षाखाली येतात, शेंगदाणे १२०२ मध्ये तेलबियांत जातात आणि काजू ०८०१ मध्ये कवचफळांत. ग्राहकाची फळी, खरेदी विभागाचे गट आणि कराचे संकेत ही तीन वर्गीकरणे शेजारी-शेजारी ठेवावीत आणि पाकीट तिन्हींना जोडावे.

कराचा दर तर कधीच पाकिटाचा गुणधर्म म्हणून लिहू नये. १८ जुलै २०२२ पासून आधीच पाकीटबंद व लेबल लावलेल्या २५ किलोपर्यंतच्या धान्य-डाळींवर ५ टक्के जीएसटी लागू झाला आणि सुटा माल करमुक्त राहिला; म्हणजे पदार्थ एकच असताना विक्रीप्रकारावरून कर बदलला. २२ सप्टेंबर २०२५ पासून, तंबाखूसारख्या काही वस्तू सोडल्यास, १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पेच गेले आणि तुपासारख्या वस्तू १२ वरून ५ टक्क्यांवर आल्या. म्हणून "करनियम" हा स्वतंत्र बिंदू करावा, त्याला एचएसएन संकेत, विक्रीप्रकार, दर, लागू झाल्याची तारीख आणि संपल्याची तारीख जोडावी. जुना नियम पुसायचा नाही, त्याची समाप्तीची तारीख भरायची. त्यामुळे मागच्या वर्षीच्या बिलाचा परतावा आला तरी त्या दिवशीचा दर सापडतो.

साधने आणि तपासणी

दहा-पंधरा हजार वस्तू आणि प्रत्येकी तीस-चाळीस विधाने धरली तर एकूण तीन ते सहा लाख विधाने होतात. एका साध्या सर्व्हरवर ती आरामात मावतात, तेव्हा महागड्या यंत्रणेची घाई नको. ऑन्टॉलॉजी लिहिण्यासाठी स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झालेले प्रोटेजे हे मोफत साधन पुरेसे आहे. माहिती साठवण्यासाठी दोन मार्ग आहेत. बाहेरच्या शब्दसंग्रहांशी जुळणी, अनेक भाषांतली लेबले आणि निष्कर्ष काढणे महत्त्वाचे असेल तर आरडीएफ साठा घ्यावा. अपाची जेना हा त्यातला मुक्त पर्याय आहे आणि प्रश्न स्पार्कल भाषेत विचारले जातात. संबंधांनाच गुणधर्म जोडायचे असतील आणि चमू प्रोग्रॅमिंगकडे झुकलेला असेल तर निओफोरजेसारखा प्रॉपर्टी ग्राफ सोपा पडतो; त्या प्रकारासाठी जीक्यूएल ही आंतरराष्ट्रीय मानक भाषा एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली आहे. या लेखातल्या घटक-प्रथा-लेबले अशा कामासाठी माझा कल आरडीएफकडे आहे.

आउलमध्ये लिहिलेल्या नियमांनी चुका पकडल्या जातील, ही समजूत मात्र सोडून द्यावी. "घटक" या संबंधाचा कर्ता खाद्यपदार्थ असतो असे तुम्ही आउलमध्ये लिहिले आणि कुणी साबणाला "घटक — चंदनाचे तेल" अशी नोंद केली, तर यंत्रणा तक्रार करणार नाही. साबण हा खाद्यपदार्थ आहे असा निष्कर्ष ती शांतपणे काढील. नोंदींची तपासणी करण्यासाठी शॅकल हे २०१७ चे वेगळे मानक आहे. प्रत्येक पाकिटाला नेमके एक निव्वळ वजन हवे, अन्नपदार्थावरील परवाना क्रमांक चौदा अंकी हवा, जीटीआयएनचा शेवटचा तपासअंक जुळायला हवा, प्रस्तावातला भाव लॉटच्या एमआरपीहून जास्त नको, असे नियम शॅकलमध्ये लिहावेत आणि ते मोडणारी नोंद मुख्य ग्राफमध्ये जाऊच देऊ नये.

वेगवेगळ्या दुकानांच्या नोंदी जुळवताना आधी जीटीआयएन, मग कंपनी, पदार्थ आणि वजन यांचा मेळ, आणि शेवटी नावातले साम्य या क्रमाने जावे. नक्की जुळणाऱ्या जोड्या यंत्राने जोडाव्यात, नक्की न जुळणाऱ्या सोडाव्यात आणि मधल्या शंकास्पद जोड्या माणसाने पाहाव्यात. "दोन्ही एकच आहेत" हा आउलमधला संबंध अत्यंत कडक आहे: क ही ख आहे आणि ख ही ग आहे असे लिहिले की क आणि ग एक होतात, त्यामुळे एका चुकीच्या दुव्याने दहा वस्तू एकमेकींत विरघळतात. खात्री नसेल तिथे स्कॉसमधला "जवळपास सारखे" हा सौम्य संबंध वापरावा.

पाकिटांची छायाचित्रे वाचून घटक काढण्यासाठी मोठी भाषा-प्रारूपे (मजकूर समजणारी एआय साधने) आता उपयोगी पडतात आणि वेळही वाचवतात. त्यांनी काढलेले प्रत्येक विधान मात्र स्रोत, छायाचित्र आणि तारीख यांसह वेगळ्या उपग्राफमध्ये ठेवावे. माणसाने पाहिल्यावरच ते मुख्य ग्राफमध्ये यावे. ॲलर्जीच्या बाबतीत तर याला अपवाद नको.

सुरुवात एका फळीपासून करावी. श्रावणाच्या दोनेक महिने आधी उपवासाचे पदार्थ आणि डाळी एवढेच घेतले, तर चार पातळ्या, प्रथा, घटक, लेबले आणि कर या सर्वांची परीक्षा होते, आणि गर्दीच्या दिवसांत गल्ल्यावरची माणसे उत्तरे बरोबर आहेत की नाहीत हे लगेच सांगतात. बिलांच्या ओळी ग्राफमध्ये आणू नयेत. त्या जिथे आहेत तिथेच बऱ्या. ग्राहकांनाही पहिल्या टप्प्यात बिंदू करू नये. कोण कोणता उपवास करतो, कुणाला कशाची ॲलर्जी आहे, यांतून धर्म आणि प्रकृती दोन्ही उघड होतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा विचार तर करावाच, पण ग्राहकाने दुकानदारावर टाकलेला विश्वास त्याच्याही आधी येतो.

देखभाल

प्रत्येक भागाला एक नावानिशी जबाबदार माणूस हवा: करनियमांना हिशेबनीस, पदार्थ आणि पर्यायांना खरेदीतला जाणता माणूस, प्रथांना वेगवेगळ्या समाजांतली दोन-तीन माणसे. ऑन्टॉलॉजीतला बदल कुणी, कधी आणि कोणत्या प्रश्नासाठी केला हे लिहून ठेवावे, आणि प्रत्येक बदलानंतर सुरुवातीची प्रश्नपत्रिका पुन्हा चालवावी. बंद झालेल्या पाकिटाची ओळख दुसऱ्याला देऊ नये. त्याला "बंद" अशी खूण करून "याच्या जागी आले" या संबंधाने नव्या पाकिटाकडे जोडावे.

एखाद्या उत्पादकाने सदोष लॉट परत मागवला, तर तो लॉट कोणत्या दुकानांत गेला, किती नग शिल्लक आहेत आणि त्याच गोदामातून त्याच दिवशी आणखी काय निघाले, हे एका प्रश्नात मिळाले पाहिजे. त्यासाठी माल उतरवून घेतानाच लॉट क्रमांक नोंदवण्याची आणि तो बिलापर्यंत पोचवण्याची सोय करावी लागते. ती होईपर्यंत ग्राफचे उत्तर पाकिटाच्या पातळीवरच थांबेल, आणि त्या पाकिटाचा सगळा माल, चांगला-वाईट न पाहता, फळीवरून काढावा लागेल.